पेन्शनीत आलेल्या सैनिकाचा रविवार

हातखंबा तिठ्यावर मुंबईकडची, रत्नागिरीकडची आणि पालीच्या बाजूची अशा तिन्हीकडच्या गाड्या थांबतात. सुट्टीवर आलेला फौजी इथेच उतरतो. काळी ट्रंक, हिरवी किटबॅग, आणि न्यायला आलेला भाऊ किंवा पुतण्या. अशा बऱ्याच सुट्ट्या झाल्या की एके दिवशी तो कायमचा उतरतो. सैन्यात १५ वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसते, त्यामुळे शिपाई, नाईक, हवालदार या पदांवरचा माणूस चाळिशीच्या आगेमागे घरी येतो. बँकेतला किंवा शाळेतला माणूस ज्या वयात बढतीची वाट बघतो, त्या वयात हा ‘माजी’ झालेला असतो.

माजी सैनिकांचा मान करण्यात आपला समाज मागे नाही. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देताना, १४ एप्रिलला जयंतीच्या व्यासपीठावर, २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणात, आपण त्यांना पुढे बोलावतो. शाल येते, पुष्पगुच्छ येतो, फोटो निघतो. आम्ही नर्सिंग करून चळवळीत आलेल्या बायका त्या कार्यक्रमांना जातो आणि मनापासून टाळ्या वाजवतो. आमचा प्रश्न २ जानेवारीचा आहे. त्या दिवशी सकाळी उठून हा माणूस काय करतो? आणि येणाऱ्या रविवारी?

आरोग्याच्या पानावर हे कशाला, असे कोणी विचारील. कारण याचे उत्तर आम्हाला रक्तदाबाच्या यंत्रावर दिसते. बौद्धवाडीत तपासणीला बसलो की पेन्शनीत आलेले फौजी बहुधा शेवटी येतात, तेही वहिनींनी ढकलून पाठवले म्हणून. ‘मला काय धाड भरलीय’ हे पहिले वाक्य. यंत्र मात्र १४०/९० च्या वरचा आकडा दाखवते. पोट सुटलेले, गुडघा धरलेला, झोप तुटक.

याचे कारण साधे आहे. पलटणीत पहाटे पीटी, दिवसभर ड्युटी, संध्याकाळी खेळाचा तास. लंगरात पोटभर जेवण, आणि ते जिरवणारी मेहनत. घरी आल्यावर पीटी त्याच दिवशी बंद होते, भूक मात्र तिथलीच राहते. त्यात आपला कोकणी भात, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, लोणचे, पापड. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक चहाचा चमचाभरसुद्धा नाही, एवढेच मीठ पोटात जावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुक्या मासळीच्या एका जेवणात त्यातला मोठा वाटा संपतो. मासळी सोडा असे आम्ही म्हणत नाही, कोकणात ते कोणी ऐकणारही नाही. ती आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या, कालवणात वरून मीठ घालू नका, आणि त्या दिवशी लोणचे-पापड बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट कानांची. वर्षानुवर्षे रायफल, मशीनगन, तोफ यांच्या आवाजात राहिलेल्या माणसाचे कान आधीच थकलेले असतात. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान बहुधा जास्त बिघडतो. वाडीत मग काय होते? हाक मारली तरी काका वळून बघत नाहीत. ‘मिलिटरीतून आल्यापासून ताठ झालाय’ असे लोक बोलतात, आणि पाच जणांच्या गप्पांत नीट ऐकू येत नाही म्हणून काकाही हळूहळू येईनासे होतात. ओटीवरची खुर्ची आणि ते. अशा माणसाशी बोलायला त्याच्या उजव्या बाजूला बसा, तोंड त्याच्याकडे करून बोला, ओरडू नका. आणि एकदा कानांच्या डॉक्टरकडे न्या.

आता आम्ही थोडे मागे जातो, कारण पेन्शनीतला रिकामा वेळ म्हणजे काय चीज आहे हे आपल्या जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असणार! दापोलीला ब्रिटिशांच्या काळात पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. गोपाळ बाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीत येऊन राहिले. आपल्या पेन्शनीच्या वर्षांत त्यांनी काय केले? १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ छापले, ‘दीनबंधु’त लिहिले, अनार्य दोष परिहारक मंडळी उभी केली. महारांची सैन्यभरती सरकारने बंद केली तेव्हा १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. हे सगळे निवृत्त माणसाचे काम आहे. वरिष्ठांचा हुकूम संपल्यावर स्वतःच्या मर्जीने हाती घेतलेले.

सुभेदार रामजी सकपाळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. त्यांचे वडील मालोजीही सैन्यातलेच. सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक राहिलेले रामजीबाबा पेन्शनीत आल्यावर कुटुंब घेऊन दापोलीला आले, पुढे साताऱ्याला आणि मग मुंबईला गेले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत भिवाला अभ्यासाला रात्री दोन वाजता उठवण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते, असे चरित्रांत वाचायला मिळते. पलटणीतली पहारा बदलण्याची सवय त्यांनी कुठे लावली बघा!

भरतीचे दार नंतरही सहज उघडले नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज वाडीत बसलेल्या फौजी काकांच्या मागे एवढा रस्ता आहे. त्यांच्या हातात रिकामा वेळ आहे आणि शिस्त अंगात मुरलेली आहे. ती शिस्त खुर्चीवर बसून गंजू द्यायची, की रविवारी बाहेर काढायची?

आमच्या ओळखीच्या दोन-तीन वाड्यांत काही रविवारांपासून एक साधी गोष्ट चालू आहे. सकाळी साडेसहाला फौजी काका पुढे आणि बाकीचे मागे, असे सगळे चालायला निघतात. पुढारीपण त्यांच्याकडे दिले की बोलावणे पाठवावे लागत नाही. ते सहा वाजताच बूट घालून उभे असतात. मोठ्या माणसाला आठवड्याला १५० मिनिटे तरी मध्यम मेहनत हवी. मध्यम म्हणजे चालताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणायला दम पुरू नये. रविवारी एक तास झाला की उरलेली ९० मिनिटे आठवड्यात वाटून टाकता येतात. फौजींना एक सूचना: विशीतली चाल पन्नाशीत धरू नका. पहिले दोन आठवडे मागच्या वहिनींच्या चालीने चला. छातीत दाब आला, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर तिथेच बसा आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. ‘थोडं चालल्यावर जाईल’ हा पलटणीतला बाणा इथे जिवावर बेततो.

कुठे चालायचे? महामार्गावर तर मुळीच नाही. हातखंब्याच्या उतारावर टँकर कसे उलटतात हे आपण पाहिले आहे. पहाटेच्या अंधारात, गडद कपड्यांत, कडेने चालणारी माणसे ट्रकवाल्याला दिसत नाहीत. आतल्या वाडीचा रस्ता, पाणंद, सडा हे आपले. रस्त्यानेच जायची वेळ आली तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चला.

सड्यावर जाण्यासारखे आपल्याकडे खूप आहे आणि त्याला तिकीट नाही. उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती बघितला नसेल तर एक रविवार तिकडे काढा. जांभरुणलाही अशी चित्रे आहेत. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. नकाशा वाचणे, दिशा धरणे, किती पावलांत किती अंतर हे पोरांना शिकवायला सड्यापेक्षा चांगली जागा नाही, आणि फौजी काकांपेक्षा चांगला गुरुजी नाही. वर्षातून एकदा लांबचा बेत करायचा तर दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची २९ लेणी बघा. बुद्धाच्या विचारांच्या खुणा तिथल्या कातळात आहेत. त्याच वाटेवर रमाईंचे माहेर वणंद, आणि पुढे आंबडवे.

सड्यावर जाताना फुरशाचे भान ठेवा. अंगाने लहान, रंगाने मातकट, दगडाखाली आणि कातळाच्या फटीत बसणारा हा साप रत्नागिरीत फार. डिवचला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करतो. पायात घोट्यापर्यंतचे बूट, हातात काठी, आणि दगड हाताने उलथायचा नाही. चावलाच तर चिरायचे नाही, चोखायचे नाही, दोरी आवळायची नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, अंगठी-पैंजण काढून, माणसाला उचलून गाडीत घाला आणि रुग्णालय गाठा. फुरशाचे विष रक्त गोठू देत नाही. तासाभराने ‘बरं वाटतंय’ म्हटले तरी हिरड्यांतून, लघवीतून रक्त नंतर येऊ शकते. यावर सर्पविषाची लस हेच औषध, आणि मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

पावसाळ्यात चालणे कमी होते, पण पोरांना घेऊन वहाळात कुर्ल्या पकडायला जाणे आले, गरवायला जाणे आले. जा, जरूर जा. पायाला जखम, चिखल्या असतील तर मात्र घरी बसा, नाहीतर गमबूट घाला. लेप्टोचा जंतू साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून जखमेवाटे शिरतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे यांतले काही झाले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘मी वहाळात उतरलो होतो’ हे वाक्य आधी सांगा. त्या एका वाक्याने डॉक्टरांचे अर्धे काम होते.

घरच्या घरी करायच्या गोष्टींकडे येतो. इथे एक अडचण आम्हाला भेटते आणि ती आम्हाला मान्य आहे. ‘रविवारी हाताने काहीतरी करा’ म्हटले की काही जुनी माणसे आठ्या घालतात. गावकीच्या काळात आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातांना उसंत नव्हती. लाकडे फोडणे, निरोप नेणे, झाडलोट, सगळी वेठ. ‘तेच हात पुन्हा राबवायचे का?’ असे एका आजींनी आम्हाला तोंडावर विचारले. आम्ही त्यांना म्हटले, आजी, आता कोणाचा हुकूम नाही, आवडेल ते करा, नाही आवडले तर टाकून द्या. छंद तो एवढाच. बाबासाहेब एवढ्या व्यापातून व्हायोलिन शिकले, दिल्लीच्या बंगल्यात बाग फुलवली, कुंचला हातात घेऊन बुद्धाचे चित्र काढले. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्या आजी आता परसात पडवळाचा मांडव सांभाळतात. लाल माठ, मुळा, मिरची, दोडकी, अळू यांना दोन हात जागाही पुरते; ती नसेल तर फुटक्या बादलीत, पोत्यात माती भरा. पलटणीत राहिलेला माणूस वाफे असे सरळ आखतो की बघत राहावे! खणणे, पाणी घालणे, वाकणे-उठणे हा गुडघ्यांचा आणि कमरेचा व्यायामच. ज्यांचा गुडघा दुखतो त्यांनी उकिडवे न बसता छोट्या स्टुलावर बसावे.

एप्रिल-मेमध्ये रातांबे येतात. आमसुले करायला सगळे घर एकत्र बसते: गर काढायचा, साले त्याच रसात पुन्हापुन्हा बुडवायची आणि उन्हात वाळवायची. आगळात मीठ भरपूर असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी थोडी आमसुले बिनमिठाची वाळवून बाजूला ठेवावीत आणि त्यांचा सार प्यावा. साखर असणाऱ्यांनी कोकम सरबताची बाटली विकत आणू नये. तिच्यात निम्मी साखरच. फणसाची साठे, आंब्याची साठे यांबद्दलही तेच. सुईदोरा हाती घेणाऱ्या वहिनींसाठी जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, आणि पुरुषांनी सुई धरू नये असा कायदा नाही. फौजी तर स्वतःची बटणे स्वतः लावत आलेला असतो. दुपारी कॅरम, संध्याकाळी व्हॉलीबॉल. नेट नसले तर दोन पोफळींमध्ये दोरी बांधा.

आता बाटलीचे बोलतो. कँटीनचा कोटा हा माजी सैनिकाच्या घरातला नाजूक विषय. स्वस्तात मिळते, कार्डावर मिळते, मग पाहुणे वाढतात, मित्र वाढतात. पंचशीलातले पाचवे शील रोज विहारात म्हणायचे आणि शनिवारी रात्री ओटीवर बाटली मांडायची, हे आम्ही खूप घरांत पाहिले. उपदेश करायला आम्ही आलो नाही. रात्री झोप लागत नाही म्हणून पिणारे बरेच आहेत, आणि दारूने झोप येते पण टिकत नाही, मध्यरात्री मोडते, वर रक्तदाब चढतो. एक गोष्ट मात्र घरच्यांनी नीट ऐकावी. जो रोज भरपूर पितो त्याची दारू एका दिवसात जबरदस्तीने तोडू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, भास, झटके येऊ शकतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देऊन सोडवता येते.

झोप का लागत नाही, हे कोणी विचारत नाही. सीमेवर, काश्मिरात, ईशान्येकडे जे पाहिले ते काही जणांच्या स्वप्नात परत येते. फटाका वाजला की अंग दचकते, राग पटकन येतो, गर्दीत जीव घुसमटतो. हा भित्रेपणा नाही. मनाला झालेली जखम आहे आणि तिला उपचार आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत फटाक्यांची माळ त्यांच्या दाराशी लावू नका, आधी विचारा. आपल्या रत्नागिरीत मनोरुग्णालय आहे. गावात त्याच्या नावाने थट्टा चालते, पण ठाणे, पुणे आणि नागपूरसोबत महाराष्ट्रातली ही मोठी सरकारी सोय आपल्या दाराशी आहे. फोनवरच बोलायचे तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते. ‘आता जगून काय’ असे कोणी बोलले तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकट्याला सोडू नका आणि त्याच दिवशी फोन करा.

आणखी एक माणूस या रविवारात आम्हाला हवा आहे, तो म्हणजे फौजींची बायको. पंधरा-वीस वर्षे तिने एकटीने घर चालवले. सासूचे आजारपण, पोरांच्या शाळा, घराची कौले, सगळे तिने केले. आता नवरा घरी येऊन डब्यांची जागा बदलतो, हुकूम सोडतो! तिची पाठ दुखते, तिचे रक्त कमी, आणि तिचा रक्तदाब मोजलेलाच नसतो. रविवारी चालायला ती नसेल तर तो कार्यक्रम अर्धा.

सैनिकाची विधवा तर पुष्कळदा यादीतच नसते. कागदांचे काम कंटाळवाणे खरे, पण आमच्या मते सत्काराहून मोठा मान त्यात आहे. पेन्शनर सैनिक, त्यांचे अवलंबित आणि कुटुंबपेन्शन घेणाऱ्या विधवा यांच्यासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, चालू आहे. कार्ड असेल तर तपासणी, औषधे, नेमलेल्या रुग्णालयात उपचार, कानाचे यंत्रसुद्धा मिळू शकते. युद्धात पती गमावलेल्या बाईला त्याची वर्गणी भरावी लागत नाही. हे कार्ड पेटीत पडून राहते, नाहीतर काढलेलेच नसते. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. आता तो ‘स्पर्श’ या ऑनलाइन यंत्रणेत जातो, आणि आजींचे बोटांचे ठसे झिजलेले असले की यंत्र घेत नाही. कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी रविवारी अर्धा तास बसून हे करून द्यावे. अडले तर रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांना सोबत घेऊन जावे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला आपण जो निधी देतो तो याच माणसांच्या कल्याणासाठी असतो, तेव्हा विचारायला संकोच नको.

२०२२ पासूनच्या अग्निवीर भरतीने या यादीत नवी भर पडणार आहे. योजनेप्रमाणे चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुले कायम होतात. बाकीची विशी-पंचविशीत घरी परततात, त्यांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. चाळिशीत परतलेल्या काकांना आपण सांभाळू शकलो नाही तर या पोरांचे काय करणार? भरतीसाठी धावणारी मुले आजच त्या काकांच्या हाताखाली असावीत, असे आम्हाला वाटते. १६०० मीटर कसे धावायचे हे ते शिकवतील, आणि परत आल्यावर कोणाकडे जायचे हेही मुलांना ठाऊक राहील.

आमच्या वाडीतला पुढचा रविवार ठरला आहे. वहाळावरच्या साकवाची एक फळी कुजली आहे, चालायला जाताना म्हाताऱ्या माणसांचा पाय अडकतो. फौजी काकांनी मोजमाप घेतले आहे, फळी एका घरून येणार आहे, खिळे दुसऱ्या घरून. रक्तदाबाचे यंत्र आम्ही आणतो. भाकरी आणि टाकळ्याची भाजी वहिनींनी सांगितली आहे, मीठ बेताने.